पाडणाऱ्याला बक्षीस

मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत एका ठिकाणी लिहिलं आहे, जुनी देखणी इमारत जपा. त्याच पुस्तकात काही पानं मागे लिहिलं आहे, जुनी इमारत पाडा आणि जादा चटईक्षेत्र घ्या. एका पानावर आर्जव आहे, दुसऱ्यावर पैसा. या दोन पानांची कुस्ती लागली तर कोण चीतपट होणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

आधी श्रेय देऊन टाकतो. 1991 च्या नियमावलीत 1995 साली नियम 67 आला आणि वारसा इमारतींना शहराच्या बांधकाम नियमांतच संरक्षण देणारं मुंबई हे देशातलं पहिलं शहर ठरलं. तोवर संरक्षण म्हणजे लेणी, किल्ले, देवळं. माणसं राहतात, दुकानं चालतात, वकिलांच्या पाट्या लागतात त्या इमारतींना कोणी वाली नव्हता. नियम 67 ने सहाशेहून अधिक नोंदींची यादी लावली, श्रेणी ठरवल्या, वारसा संवर्धन समिती नेमली. पहिल्या श्रेणीला हात लावायचा नाही, फक्त मजबुती करायची. दुसऱ्या श्रेणीत आतून बदल चालतील, बाहेरचं रूप समितीला विचारून. तिसरी श्रेणी म्हणजे एकेकटी फार थोर नसलेली, पण रांगेत उभी राहिली की गल्लीला चेहरा देणारी घरं. समितीचा सल्ला आयुक्तांना डावलायचा असेल तर कारण लेखी नोंदवावं लागेल आणि तो अधिकार त्यांना खालच्या कोणाकडे सोपवता येणार नाही, असंही त्यात होतं. ज्यांनी हा मसुदा लिहिला त्यांना शहर कळत होतं.

‘नियमांनी शहराची वाढ खुंटते’ असं बांधकाम व्यवसायातली मंडळी प्रत्येक परिसंवादात म्हणतात. त्यांनी बॅलार्ड इस्टेटमध्ये एक फेरी मारावी. 1908 ते 1914 या काळात पोर्ट ट्रस्टने भर घालून ही वसाहत उभी केली. जॉर्ज विटेट हा तिचा वास्तुरचनाकार. इमारती वेगवेगळ्या कंपन्यांच्या, पण उंची सारखी, दगड जुळणारा, रस्त्याशी नातं एकच. दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या कमानींखालून आजही पावसात छत्री न उघडता चालता येतं, कारण प्रत्येक मालकाला आपल्या जागेतून पादचाऱ्यांसाठी वाट सोडावी लागली. मरीन ड्राइव्हची ती एकसंध वळणदार रांग उभी राहिली तीही भूखंड देताना घातलेल्या अटींमुळे. पर्यटक ज्या मुंबईचे फोटो काढतात, ती मुंबई बांधकामाच्या अटींनी घडवली आहे. 2018 साली युनेस्कोने ओव्हल मैदानाच्या दोन बाजूंच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशात घेतलं, तेव्हा मंत्र्यांपासून नगरसेवकांपर्यंत सगळ्यांनी अभिनंदनाचे फलक लावले. त्यांतल्या कितींनी त्या इमारतींमागचे नियम वाचले असतील?

आता दुसरं पान. नियम 33(7).

याची मुळं 1940 सालात आहेत. दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींची भाडी भाडेनियंत्रण कायद्याने त्या वर्षीच्या पातळीवर गोठवली. 1947 चा कायदा तात्पुरता म्हणून आला आणि अर्धशतकभर मुदतवाढ घेत राहिला. महिन्याला पन्नास-शंभर रुपये भाडं येणाऱ्या इमारतीचं छप्पर मालक कशाला शाकारेल? इमारती पडू लागल्या, माणसं मेली, तेव्हा 1969 साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला. भाडेकरूंकडून उपकर घ्यायचा आणि मंडळाने डागडुजी करायची. अशा उपकरप्राप्त इमारतींची संख्या तेव्हा 19 हजारांवर होती. त्यांतल्या बहुतेक 1940 पूर्वीच्या. म्हणजे गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवी, भायखळा, परळ. म्हणजे मराठी, गुजराती, पारशी, ईस्ट इंडियन, बोहरी माणसांची सगळी जुनी मुंबई.

मंडळाने टेकू लावले. दुरुस्तीच्या खर्चावर चौरस मीटरमागे मर्यादा, त्यामुळे कामही त्या मर्यादेपुरतंच. मग सरकारला सोपा मार्ग सुचला. विकासकाने इमारत पाडावी, भाडेकरूला मालकीचं घर फुकट द्यावं, त्या बदल्यात जादा चटईक्षेत्र घेऊन ते बाजारात विकावं. भाडेकरूला आज किमान 300 चौरस फूट, विकासकाला नफा, सरकारच्या तिजोरीतून दमडी नाही. सगळ्यांचं भलं. जुन्या इमारतीचं सोडून.

1999 साली या नियमात जे बदल झाले, त्यांनी तिसऱ्या श्रेणीचा आणि वारसा परिसरांचा गळा आवळला. उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास असेल तर अशा ठिकाणी वारसा समितीला विचारायची गरज उरली नाही. यादीत नाव आहे, पण पाडताना यादी कोणी उघडणार नाही. शिवाय बक्षीस चढत्या भाजणीने: एका भूखंडाचा पुनर्विकास केला तर 50 टक्के प्रोत्साहनपर चटईक्षेत्र, दोन ते पाच भूखंड एकत्र केले तर 60, सहा किंवा जास्त केले तर 70. म्हणजे जितकी मोठी आळी एका दमात सपाट कराल, तितका जास्त फायदा. 2009 मध्ये समूह पुनर्विकासाचा नियम 33(9) आला, त्याने 4 हजार चौरस मीटरपासून पुढचे तुकडे एकगठ्ठा घ्यायची सोय केली आणि चटईक्षेत्र निर्देशांक 4 वर नेला. जुन्या गिरगावचं सगळं रूप त्याच्या चिंचोळ्या भूखंडांत, समोरासमोरच्या गॅलऱ्यांत आणि वाड्यांच्या बोळांत आहे. नियमाने नेमकं तेच एकत्र करून पुसून टाकायला टक्केवारी लावली.

खोताची वाडी बघा. पाठारे प्रभू समाजातल्या दादोबा वामन खोतांच्या जमिनीवर वसलेली, पुढे ईस्ट इंडियन कुटुंबांनी बांधलेली, लाकडी पडव्यांची, बाहेरून चढणाऱ्या जिन्यांची, मंगलोरी कौलांची वस्ती. एके काळी इथे साठाहून अधिक बंगले होते. आज निम्मेही उरले नाहीत. ही वाडी वारशाच्या यादीत आली, पण यादीने बंगले वाचले नाहीत. 

जवळच्याच एका चाळीचा जिना मी नेहमी चढतो. मधल्या पायऱ्या झिजून खोलगट झाल्या आहेत, कठड्याचे गज कातीव सागाचे आहेत, प्रत्येक वळणावरच्या खांबाला कोरलेलं कमळ आहे आणि वर्षानुवर्षांच्या ऑइलपेंटच्या थरांखाली त्याच्या पाकळ्या बुजल्या आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या खिडकीची झडप दोन पावसाळ्यांपूर्वी निखळली. मूळ झडप सागाची, आडव्या पट्ट्यांची, वारा आत घेणारी आणि पाऊस बाहेर ठेवणारी. तशी नवी करून घ्यायला सुताराने जो आकडा सांगितला, तो त्यांच्या काही वर्षांच्या भाड्याहून मोठा होता. काकूंनी ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवली. खोली आता उन्हाळ्यात तापते आणि बाहेरून त्या रांगेचा एक दात पडल्यासारखा दिसतो.

यात काकूंचा दोष किती? शून्य. मालकाचा? जेवढं भाडं मिळतं तेवढाच. पण शहराने त्या खिडकीला वारसा म्हटलं आणि तिच्यासाठी एक रुपयाही बाजूला ठेवला नाही. हीच चाळ पाडायची ठरली असती, तर याच शहराने हजारो चौरस फुटांचं बक्षीस उदार हाताने मोजून दिलं असतं. माझा सगळा राग या हिशेबावर आहे. भाडेकरूने टॉवरचं स्वप्न पाहू नये, सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभं राहून कमळाच्या पाकळ्यांचं कौतुक करावं, असं सांगायचा अधिकार कोणालाही नाही. मलाही नाही. घरात संडास, लिफ्ट, न गळणारं छप्पर हे त्याला मिळालंच पाहिजे. प्रश्न एवढाच आहे की हे सगळं फक्त पाडूनच का मिळावं? त्याच चाळीला आतून नवे संडास, पोलादी आधार, नव्या वायरी आणि मागच्या बाजूला लिफ्टचा मनोरा देता येतो. तंत्र आहे, माणसं आहेत. नियमात त्याला बक्षीस नाही, म्हणून ते कोणी करत नाही.

काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन्स हॉटेल, घ्या. इंग्लंडमध्ये ओतलेले बिडाचे खांब आणि तुळया जहाजाने आणून 1860 च्या दशकाच्या अखेरीस इथे जोडल्या. भारतातल्या सर्वांत जुन्या बिडाच्या सांगाड्याच्या इमारतींपैकी ही एक. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंचा सिनेमा भारतात पहिल्यांदा इथे दाखवला गेला. त्याच वर्षी मार्क ट्वेन इथे उतरला होता. पुढे हॉटेल बंद पडलं, खोल्यांच्या कचेऱ्या आणि घरं झाली, भाडी गोठली. 2005 साली सज्जाचा भाग कोसळला. जगातल्या शंभर धोक्यातल्या स्थळांच्या 2006 च्या यादीत जागतिक स्मारक निधीने तिचं नाव घातलं. नियमावलीत ती दुसऱ्या अ श्रेणीत आहे. एवढी नावं, एवढ्या याद्या, आणि 2019 साली धोकादायक म्हणून ती रिकामी करावी लागली. पाडायचीच, असंही तज्ज्ञांचं मत आलं आणि त्याला वारसा समितीने विरोध केला.

2005 ते 2019. चौदा वर्षं. या चौदा वर्षांत मालक, भाडेकरू, मंडळ आणि महापालिका यांच्यापैकी दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा, एवढ्या एका प्रश्नाचा निकाल लागला नाही. वारसा नियम ‘पाडू नका’ म्हणतो. ‘दुरुस्त करा’ म्हणायला त्याच्याकडे ना पैसा आहे ना दंडुका. त्यामुळे चलाख माणूस पाडायची परवानगी मागतच नाही. तो वाट बघतो. गच्चीवर पिंपळ उगवू देतो, पन्हळी तुंबू देतो, चार पावसाळे जाऊ देतो. मग रचनात्मक तपासणीचा अहवाल येतो, इमारत सी-1, म्हणजे पाडण्याइतकी धोकादायक, ठरते, महापालिका कायद्याच्या कलम 354 खाली नोटीस लागते, आणि जी इमारत पाडायला समितीने नकार दिला असता ती पाडणं हे प्रशासनाचं कर्तव्य होऊन बसतं. माणसांचा जीव आधी, याबद्दल दुमत नाहीच. पण इमारत त्या अवस्थेला कोणी आणली, हे नोटिशीत विचारत नाहीत. यादीतली इमारत हयगयीने सी-1 झाली, तर तिच्या जागेवर जादा चटईक्षेत्र मिळणार नाही, जेवढं होतं तेवढंच बांधा, असा नियम उद्या करा. परवा सगळ्या पन्हळी साफ होतील.

जुनी इमारत वाचतच नाही, हे मात्र कोणी सांगू नये. गिरगावातलंच रॉयल ऑपेरा हाउस 1993 पासून बंद होतं, 2016 मध्ये त्याचा पडदा पुन्हा उघडला. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून असं सावरलं की 2005 साली युनेस्कोचा पुरस्कार आला. दादाभाई नौरोजी रस्त्यावर वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांनी दुकानदारांना बरोबर घेऊन पाट्यांचे नियम बसवले: पाटी कमानीच्या आत, दगडावर ठोकायची नाही, कोरीव काम झाकायचं नाही. पाट्या उतरल्या आणि खालच्या कमानी लोकांना कित्येक वर्षांनी दिसल्या. पहिल्या दोन कामांमागे एक मालक आणि एक थैली होती. तिसऱ्यात थैलीपेक्षा रस्त्यापुरता नेमका, समजेल असा नियम होता. चाळींना, वाड्यांना यातलं काहीच मिळालेलं नाही.

आणि लोक याद्यांना का भितात, तेही बघा. 2012 साली महापालिकेने 868 नव्या नोंदींची यादी हरकतींसाठी काढली. त्यात शिवाजी पार्कचा परिसर होता. दादरकर खवळले. ज्या दादरकरांनी मैदानाच्या कट्ट्यावर आयुष्य काढलं, ज्यांना त्या गोल गॅलऱ्यांच्या तीन-चार मजली इमारतींचं प्रेम आहे, तेच म्हणाले, आमच्या इमारतीला वारसा ठरवू नका. त्यांना अडाणी म्हणणं सोपं आहे. पण त्यांनी आजूबाजूला पाहिलं होतं: यादीत गेलं की परवानगीसाठी खेटे वाढतात, दुरुस्तीचा खर्च वाढतो, हाती काही येत नाही, आणि यादीबाहेरच्या शेजाऱ्याला मात्र मोठं नवं घर मिळतं. कोणत्या गृहिणीने, कोणत्या निवृत्त मास्तरांनी या सौद्याला हो म्हणावं?

पुण्यात तर याहून बोथट हत्यार आहे. शनिवारवाडा केंद्राच्या संरक्षणाखाली. 2010 च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय कायदा म्हणतो, संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, पुढच्या 200 मीटरवर नियंत्रण. त्या वर्तुळात येणारी कसब्यातली जुनी घरं पडायला आली आहेत आणि माणसं दुरुस्तीच्या परवान्यासाठी फायली घेऊन फिरत आहेत. स्मारकाभोवतीचा परिसर जपायलाच हवा. पण परकार घेऊन नकाशावर गोल काढल्याने परिसर जपला जात नाही. कुठल्या रस्त्यावर किती उंची, कुठलं छप्पर, कुठला दर्शनी भाग, हे गल्लीनिहाय बसून ठरवावं लागतं. ते काम कष्टाचं आहे. परकार स्वस्त आहे.

मुंबईच्या नियमात यावर एक तोडगा बसलेला आहे. हस्तांतरणीय विकास हक्क, टीडीआर. वारशामुळे जे बांधता येत नाही, ते हक्क प्रमाणपत्रावर घ्या आणि दुसऱ्याला विका. न्यूयॉर्कमध्ये पेन स्टेशन पाडायला 1963 साली सुरुवात झाली, त्या धक्क्यातून 1965 चा वारसा कायदा झाला, आणि ग्रँड सेंट्रल स्थानकावर टॉवर नाकारला म्हणून रेल्वे कंपनी कोर्टात गेली, तेव्हा 1978 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराची बाजू उचलून धरली. न वापरलेले हक्क शेजारच्या भूखंडांवर नेता येतात, हाही त्या निकालातला एक आधार होता. स्थानक आज उभं आहे आणि रोज चालतं आहे. आपण ती कल्पना उचलली, पण तिच्या बाजारात झोपडपट्टी पुनर्वसनाचा टीडीआर इतका ओतला की भाव त्याच्या आवकेवर हलू लागला. वारशाच्या टीडीआरचं प्रमाणपत्र मालकाच्या नावाने निघतं. काकूंच्या खिडकीपर्यंत त्यातलं काय पोचतं?

मला हवा आहे तो बदल असा. तिसऱ्या श्रेणीतली उपकरप्राप्त इमारत न पाडता, आतून सुधारून, भाडेकरूंना तिथेच मालकीची घरं दिली, तर पाडणाऱ्याला जेवढं प्रोत्साहन मिळतं तेवढंच टीडीआरच्या रूपाने जपणाऱ्याला मिळालं पाहिजे. एक चौरस फूटही कमी नको. त्या पैशाचा पहिला हप्ता दुरुस्तीच्या खात्यात, भाडेकरूंच्या सहीशिवाय निघणार नाही असा. 1999 ची सूट रद्द करावी आणि समितीला उत्तर देण्यासाठी मुदत घालून द्यावी, म्हणजे फाइल पडून राहिली ही सबबही उरणार नाही. वारसा परिसरांत भूखंड एकत्र करण्याचं बक्षीस बंद करावं. आणि दादाभाई नौरोजी रस्त्याला जसे त्याचे नियम मिळाले तसे गिरगावला, खोताच्या वाडीला, शिवाजी पार्कला त्यांचे त्यांचे मिळावेत, तिथल्या माणसांबरोबर बसून लिहिलेले, मराठीत छापलेले.

विकासक म्हणतील, परवडत नाही. पाडणं परवडतं, कारण सरकारने ते परवडेल असं केलं. 50, 60, 70 हे आकडे आकाशातून पडले नाहीत. मंत्रालयात कोणीतरी बसून टंकलिखित केले. तिथेच बसून दुसरे आकडे लिहिता येतात.

विकास नियमांत बदल करायचा तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 37 खाली आधी जाहीर सूचना काढावी लागते आणि हरकतींसाठी महिनाभराची मुदत द्यावी लागते. ही सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टाइपात येते. ज्यांचा धंदा तिच्यावर चालतो ते ती शोधून वाचतात आणि वकिलाकरवी उत्तर धाडतात. चाळींतून आणि वाड्यांतून फारसं काही जात नाही. हरकत साध्या कागदावर, मराठीत, कोणाही नागरिकाला देता येते. वकील लागत नाही. पुढची सूचना निघेल तेव्हा नियम 33(7) मधल्या तिसऱ्या श्रेणीच्या सुटीवर मी माझी हरकत देणार आहे. शेजारच्या चाळींतल्या ज्यांना सही करायची असेल, त्यांनी संध्याकाळी सातनंतर माझ्याकडे यावं.